प्रोग्रामरची पारख : निवड-परीक्षांचा सत्तर वर्षांचा इतिहास

१९४६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक हा संगणक जगापुढे आला. त्यावर गणिते बसवणाऱ्या सहा स्त्रिया तोफगोळ्यांच्या मार्गांची आकडेमोड हाताने करणाऱ्या गटातल्याच होत्या. त्यांचा अचूकपणा आणि चिकाटी वरिष्ठांनी रोजच्या कामात पाहिलेली होती. प्रोग्रामर निवडण्याआधीच त्याचे काम नजरेखालून गेलेले असण्याची ही सोय दहा वर्षांत संपली आणि तिची जागा परीक्षेने घेतली. प्रोग्रामरच्या भरतीचा पुढचा इतिहास हा मुख्यतः अशा परीक्षांचा इतिहास आहे. परीक्षा बदलत गेल्या, पण आपण घेतलेली परीक्षा खरी ठरते का, हे परीक्षा घेणाऱ्यांनी फार क्वचित पडताळले.

१९५० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने सेज नावाची हवाई संरक्षण यंत्रणा उभारायला घेतली. सोव्हिएत बॉम्बर विमानांचा रडारने काढलेला माग संगणकांत एकत्र करायचा, असे तिचे स्वरूप होते. प्रोग्राम लिहिण्याचे काम रँड कॉर्पोरेशनकडे आले आणि १९५७ मध्ये त्यातून सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही वेगळी संस्था निघाली. तिला शेकड्यांनी प्रोग्रामर हवे होते आणि देशात अनुभवी प्रोग्रामर फारच थोडे होते. संगणकशास्त्राची पदवीही कुठे मिळत नव्हती. पर्ड्यू विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९६२ मध्ये. तेव्हा कुठल्याही विषयाची हुशार माणसे घ्यायची आणि त्यांना पदरचा खर्च करून शिकवायचे, एवढाच मार्ग उरला. कोण शिकू शकेल याचा अंदाज बांधण्यासाठी या संस्थेने मानसशास्त्रज्ञांच्या बुद्धिमापन चाचण्यांचा आधार घेतला.

आयबीएमने याच सुमारास स्वतःची चाचणी तयार केली. वॉल्टर मॅकनमारा आणि जॉन ह्यूजेस यांनी १९५५ मध्ये रचलेल्या या चाचणीचे नाव प्रोग्रामर ॲप्टिट्यूड टेस्ट. तिला थोडक्यात पॅट म्हणत. अंकमालिकेतला पुढचा अंक ओळखणे, आकृत्यांमधला संबंध शोधणे आणि शाब्दिक गणिते सोडवणे असे तिचे तीन भाग होते. आयबीएमचा संगणक घेणाऱ्या कंपनीला माणसेही निवडावी लागत, त्यामुळे यंत्राबरोबर चाचणीही पसरली. १९६२ पर्यंत अमेरिकेतील सुमारे ८० टक्के कंपन्या प्रोग्रामर निवडताना कुठली ना कुठली ॲप्टिट्यूड चाचणी घेत आणि त्यांतल्या निम्म्या पॅट वापरत, असा अंदाज इतिहासकार नेथन एन्समेंगर यांनी नोंदवला आहे.

पॅटमध्ये मिळालेले गुण आणि प्रशिक्षण वर्गातले गुण यांचा मेळ बऱ्यापैकी बसे. माणूस प्रत्यक्ष कामाला लागल्यावर मात्र त्याची कामगिरी आणि हे गुण यांच्यात फारसे नाते सापडत नसे. एका कागदी परीक्षेने दुसऱ्या कागदी परीक्षेचा अंदाज वर्तवला होता, एवढेच त्यातून सिद्ध होत होते. त्या काळातच अनेक पाहण्यांनी हे दाखवून दिले, तरी चाचणी चालूच राहिली. तिचे समर्थन सोपे होते: अर्जांचा ढीग एका तासात कमी होतो आणि निवड का केली याला आकडा दाखवता येतो. प्रश्न आणि उत्तरे बाहेर फिरू लागली, तीही विशेषतः कॉलेजातल्या पुरुष विद्यार्थ्यांच्या मंडळांमधून. ज्याची ओळख होती त्याला तयारी मिळाली.

या चाचण्यांनी केवळ माणसे निवडली नाहीत, प्रोग्रामर कसा असतो याची प्रतिमाही घडवली. आयबीएमने १९५० च्या दशकात बुद्धिबळ खेळणाऱ्यांना आवाहन करणाऱ्या जाहिराती दिल्या आणि आर्थर बिसगायर या नामवंत बुद्धिबळपटूला नोकरीवर घेतले. १९६० च्या दशकात सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनसाठी विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या मानसशास्त्रज्ञांनी १,३७८ प्रोग्रामरांच्या आवडीनिवडी तपासल्या. त्यांत पुरुष १,१९२ आणि स्त्रिया १८६. समाधानी प्रोग्रामरला कोडी सोडवायला आवडते आणि माणसांमध्ये फारसा रस नसतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या निष्कर्षातली गफलत वर्तुळाकार होती. कोडी सोडवणाऱ्यांनाच निवडले, मग निवडलेल्यांना कोडी आवडतात असे आढळले, आणि त्या आधारावर पुढच्या भरतीतही एकलकोंड्या, कोडीवेड्या तरुणाला पसंती मिळाली. प्रोग्रामरला दिवसाचा बराच वेळ इतरांशी बोलण्यात घालवावा लागतो. ग्राहकाला काय हवे आहे हे समजून घेणे हे कामातले सर्वांत अवघड अंग आहे. ते अंगच निवडीच्या मापातून गळाले.

या क्षेत्रात स्त्रियांची संख्या त्या काळात कमी नव्हती. १९६७ मध्ये अमेरिकेतील कॉस्मोपॉलिटन मासिकाने संगणकावर काम करणाऱ्या मुलींवर लेख छापून हे चांगले करिअर असल्याचे वाचकांना सांगितले. त्याआधी, १९६२ मध्ये, ब्रिटनमध्ये स्टेफनी शर्ली यांनी घरून काम करणाऱ्या स्त्री प्रोग्रामरांची कंपनी काढली होती. मुले झाल्यामुळे नोकरी सोडाव्या लागलेल्या अनुभवी स्त्रियांना तिथे काम मिळाले. त्यांना इतर कंपन्यांची दारे बंद होती, कारण आठवड्याचे पाच दिवस कचेरीत बसणारा तोच प्रोग्रामर, ही अट कुणी तपासून पाहिली नव्हती. शर्ली यांची कंपनी पुढे शेअर बाजारात नोंदली गेली.

१९६८ मध्ये हॅरॉल्ड सॅकमन, डब्ल्यू. जे. एरिकसन आणि ई. ई. ग्रँट यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. संगणकासमोर बसून प्रोग्राम दुरुस्त करणे अधिक जलद, की आधीच्या रीतीप्रमाणे छिद्रित कार्डांचा गठ्ठा देऊन निकालाची वाट पाहणे, हे शोधणे हा त्याचा हेतू होता. लोकांच्या लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट. बारा अनुभवी प्रोग्रामरांमध्ये चुका शोधायला लागलेल्या वेळेत २८ पटींपर्यंत फरक आढळला होता. या आकड्यात वेगवेगळ्या पद्धतींनी आणि वेगवेगळ्या भाषांत काम केलेली माणसे एकत्र मोजली गेली होती, आणि नंतरच्या फेरतपासणीत खरा फरक त्याहून बराच कमी निघाला. पण तोपर्यंत एक समजूत रुजली होती: एक उत्तम प्रोग्रामर दहांच्या बरोबरीचा असतो. आजच्या भरतीतली पुष्कळशी कठोरता या समजुतीतून आली आहे. तो एक सापडावा म्हणून इतर कितीही गाळले तरी चालेल, असे भरती करणाऱ्यांना वाटू लागले.

१९७१ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात निकाल दिला. जी चाचणी कृष्णवर्णीयांना जास्त प्रमाणात बाहेर ठेवते तिचा कामाशी संबंध असल्याचे मालकाला दाखवता आले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. सरसकट बुद्धिमापन चाचण्या घेण्यात आता कायद्याची जोखीम आली. विद्यापीठांतून पदवीधर बाहेर पडू लागल्याने त्यांची गरजही कमी झाली होती. छापील चाचणी मागे पडली, आणि तिच्यातली कोडी मुलाखतीच्या टेबलावर आली.

नोकरीसाठी कोडी विचारण्याची हौस जुनीच. थॉमस एडिसन यांनी १९२१ मध्ये उमेदवारांसाठी तयार केलेली दीडशेच्या आसपास प्रश्नांची यादी वर्तमानपत्रांत फुटली आणि देशभर तिची चर्चा झाली. त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न आइन्स्टाइन यांना विचारला गेला, तेव्हा पुस्तकात सहज सापडणारी माहिती आपण डोक्यात बाळगत नाही, असे त्यांनी सांगितले. ट्रान्झिस्टरचे एक जनक विल्यम शॉकली यांनी १९५७ मध्ये एका तरुण अभियंत्याला विचारले, की १२७ खेळाडूंच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत एकूण किती सामने होतील. उत्तर १२६, कारण प्रत्येक सामन्यात एक जण बाद होतो. घड्याळ लावून असे प्रश्न विचारण्याची ही रीत सिलिकॉन व्हॅलीत मुरली. १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टने तिला जगभर प्रसिद्धी दिली. मॅनहोलचे झाकण गोल का, शहरात पियानो दुरुस्त करणारे किती, अशा प्रश्नांवर पुस्तके निघाली. विल्यम पाउंडस्टोन यांचे माउंट फुजी हलवण्याच्या प्रश्नावरून नाव घेतलेले पुस्तक २००३ चे. पुढच्याच वर्षी गूगलने कॅलिफोर्नियातील महामार्गालगत एक फलक लावला. ई या गणिती संख्येच्या अंकांमध्ये सलग येणारी पहिली दहा आकडी मूळ संख्या शोधणाऱ्याला एका संकेतस्थळाचा पत्ता मिळत होता आणि तिथून पुढे नोकरीच्या अर्जापर्यंत जाता येत होते.

भारतात हा प्रवाह वेगळ्या वाटेने आला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (टीसीएस) १९६८ ची, इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली. सुरुवातीला या कंपन्यांना मोजकी माणसे लागत आणि ती आयआयटीसारख्या संस्थांतून मिळत. नव्वदच्या दशकात निर्यातीचे काम वाढले, शतक बदलताना संगणकांतल्या तारखा दुरुस्त करण्याचे प्रचंड काम आले आणि दरवर्षी हजारोंनी पदवीधर हवे झाले. ते पुरवणारी यंत्रणा तोपर्यंत उभी राहिली होती. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये महाराष्ट्राने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली होती. पंधरा वर्षांत पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यांतून मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर लोंढ्याने बाहेर पडू लागले. शाखा कुठलीही चालेल, प्रोग्रामिंग आम्ही शिकवू, असे कंपन्या म्हणत. सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनपुढे चाळीस वर्षांपूर्वी जो प्रश्न होता तोच हा प्रश्न होता, आणि उत्तरही तेच निघाले: ॲप्टिट्यूड टेस्ट.

कॅम्पस मुलाखतीचा एक ठरलेला साचा तयार झाला. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हींना किमान ६० टक्के. एकही विषय राहिलेला नको. मध्ये वर्ष वाया गेलेले नको. मग गणित, तर्क आणि इंग्रजीची चाचणी, त्यानंतर जीडी म्हणजे गटचर्चा, मग तांत्रिक मुलाखत आणि शेवटी एचआर. होस्टेलच्या खोल्यांत आर. एस. अगरवाल यांची अंकगणिताची पुस्तके, शकुंतलादेवी आणि जॉर्ज समर्स यांची कोड्यांची पुस्तके आणि मागच्या वर्षीच्या प्रश्नांच्या झेरॉक्स फिरू लागल्या. उमेदवारात नवे शिकण्याची क्षमता आहे का, हे पाहतो, असे इन्फोसिससारख्या कंपन्या सांगत. ज्याच्या हाती आधी झेरॉक्स पडली त्याची ही क्षमता चाचणीत जास्त दिसे.

या साच्याचे श्रेय नाकारता येत नाही. खासगी क्षेत्रातल्या चांगल्या नोकऱ्या ओळखीने मिळण्याच्या काळात गावाकडच्या, शेतकरी किंवा कारकुनाच्या घरातल्या हजारो मुलामुलींना एका सकाळच्या परीक्षेवर नोकरी मिळाली. मराठी मध्यमवर्गाच्या एका पिढीचे जीवनमान त्यातून बदलले. म्हणूनच साच्यातल्या दोषांची किंमतही मोठी होती. साठ टक्क्यांची अट हा त्यातला सर्वांत निर्दय दोष. बारावीला ५८ टक्के मिळालेली मुलगी पुढे विद्यापीठात पहिली आली तरी तिला परीक्षेच्या दालनात प्रवेश नव्हता. वेगवेगळ्या मंडळांचे आणि विद्यापीठांचे गुण एकाच मापाने मोजले जात, जणू पेपर तपासण्याची रीत सगळीकडे सारखीच होती. आजारपणात किंवा घरच्या अडचणीत गेलेले एक वर्ष उमेदवाराच्या कामाबद्दल काहीच सांगत नाही, तरी गॅप हा शब्द अर्जावर दिसला की अर्ज बाजूला पडे.

गटचर्चेचा फटका मराठी माध्यमातून आलेल्यांना बसला. परदेशी ग्राहकाशी बोलावे लागते, तेव्हा इंग्रजी तपासणे योग्यच होते. पण दहा जणांना पंधरा मिनिटांसाठी एका विषयावर सोडले की मोजली जाते ती दुसऱ्याचे बोलणे तोडून स्वतः बोलण्याची हिंमत. वाक्य मनात जुळवून मग बोलणारा विद्यार्थी तोंड उघडेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असे. ग्राहकाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्यासाठी लागतो तो हाच स्वभाव, आणि तोच या फेरीत नापास होत होता.

तांत्रिक मुलाखत बहुधा सी या भाषेवर होई. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या पुस्तकांमुळे ही भाषा देशभरातल्या विद्यार्थ्यांना आपलीशी झाली होती. मुलाखतीतला हमखास प्रश्न म्हणजे चार ओळींचा प्रोग्राम समोर ठेवून आउटपुट विचारणे. त्यात एकाच वाक्यात एकाच चलाची किंमत दोनदा वाढवणारी राशी असे. १९८९ मध्ये ठरलेल्या सी भाषेच्या मानकानुसार अशा राशीचे उत्तर निश्चितच नाही. प्रत्येक कंपायलरने वेगळे दिले तरी चालते. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बोरलँड कंपनीचा १९८७ मध्ये आलेला टर्बो सी वर्षानुवर्षे वापरात राहिला आणि त्याच्या पडद्यावर जे दिसे तेच बरोबर उत्तर ठरले. या प्रश्नाला उत्तर नाही, असे सांगणाऱ्याला भाषा सर्वांत चांगली समजली होती. मुलाखत घेणाऱ्यालाच ते ठाऊक नसल्यामुळे त्याचे गुण जात.

निवड झालेल्यांना मग महिनोन्महिने शिकवले जाई, इन्फोसिसमध्ये मैसूरला, टीसीएसमध्ये तिरुवनंतपुरमला. एवढे शिकवायचेच होते तर प्रवेशाच्या अटी इतक्या कडक का, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. पुण्यातील सी-डॅक या संस्थेने याला एक पर्याय दिला होता. त्यांच्या पदविका अभ्यासक्रमात आधी प्रवेश परीक्षा, मग सहा महिने सलग प्रोग्रामिंग आणि नंतर कंपन्यांची निवड. कंपनीपुढे उभा राहणारा विद्यार्थी काही महिने हेच काम करून आलेला असे. पुढे २०१८ मध्ये टीसीएसने देशपातळीवर एकच ऑनलाइन परीक्षा सुरू केली. आपल्या कॉलेजात कंपनी येतच नाही, ही लहान गावांतल्या विद्यार्थ्यांची जुनी तक्रार तिने पुष्कळ अंशी दूर केली.

दरम्यान परीक्षा घेणे हाच एक धंदा झाला. ॲस्पायरिंग माइंड्स ही कंपनी २००८ मध्ये निघाली. तिने २०१७ मध्ये ५०० हून अधिक महाविद्यालयांतील ३६,००० विद्यार्थ्यांची प्रोग्रामिंग चाचणी घेऊन असे जाहीर केले, की फक्त ४.७७ टक्के विद्यार्थ्यांना प्रोग्रामचे तर्क बरोबर लिहिता आले. देशातल्या ९५ टक्के अभियंत्यांना कोड लिहिता येत नाही, अशा मथळ्यांनी ही बातमी फिरली. एका खासगी चाचणीत, ठरावीक वेळेत, अनोळखी पडद्यावर विद्यार्थ्यांनी काय केले, याचा तो आकडा होता, आणि तो प्रसिद्ध करणारी कंपनी अशाच चाचण्या विकत होती. महाविद्यालयांतले शिक्षण कमकुवत आहे, हे खरेच. पण या आकड्याने ते किती कमकुवत आहे, हे कळत नव्हते.

अमेरिकेत तोवर कोड्यांची जागा फळ्यावर कोड लिहून दाखवण्याच्या मुलाखतीने घेतली होती. जोएल स्पॉल्स्की यांनी २००० मध्ये लिहिलेल्या आणि अतिशय वाचल्या गेलेल्या मार्गदर्शनाचा सूर असा, की उमेदवार हुशार आणि काम पुरे करणारा हवा, त्याच्याकडून मुलाखतीत कोड लिहून घ्यावा, आणि थोडीही शंका असेल तर त्याला घेऊ नये. चांगला माणूस हातचा गेला तरी चालेल, वाईट माणूस आत येता कामा नये. २००७ मध्ये फिझबझ नावाचे क्षुल्लक गणित गाजले. एकपासून शंभरपर्यंत आकडे छापायचे, तीनने भाग जाईल तिथे एक शब्द, पाचने जाईल तिथे दुसरा. पुष्कळ अर्जदारांना एवढेही जमत नाही, असे मुलाखत घेणाऱ्यांचे म्हणणे होते. ही तक्रार खरी होती, आणि कोड लिहून पाहण्याची मागणीही रास्त होती. मात्र मोठ्या कंपन्यांत या साध्या कसोटीची पायरी चढत चढत आलेख, वृक्ष, डायनॅमिक प्रोग्रामिंग अशा पाठ्यपुस्तकी प्रश्नांपर्यंत गेली.

गेल लाकमन मॅकडॉवेल यांचे मुलाखतीच्या तयारीचे पुस्तक २००८ मध्ये आले; २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न होते. पाठोपाठ लीटकोडसारखी सरावाची संकेतस्थळे आली. हॅकररँक ही अशीच कंपनी भारतीय अभियंत्यांनी उभारली, आणि गीक्स फॉर गीक्स तर भारतीय विद्यार्थ्यांचे रोजचे वाचन झाले. रोज रात्री दोन-तीन तास, सहा महिने, असा सराव आता नोकरी बदलण्याची अलिखित अट आहे. हा वेळ ज्याच्यावर घराची जबाबदारी नाही त्याच्याकडे असतो. दहा वर्षे उत्तम काम केलेला अभियंता जुन्या नोकरीतल्या अनुभवाच्या जोरावर मुलाखतीला गेला तर नुकत्याच सराव केलेल्या विद्यार्थ्याच्या मागे पडतो. जून २०१५ मध्ये मॅक्स हॉवेल यांनी गूगलने आपल्याला नाकारल्याचे जाहीर केले. मॅक संगणकांवर सॉफ्टवेअर बसवण्याचे होमब्रू हे साधन त्यांनी तयार केले होते आणि त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे गूगलचे बहुसंख्य अभियंते ते वापरत होते. त्यांना फळ्यावर द्विशाखी वृक्ष उलटा करता आला नव्हता. वृक्ष येत नसेल तर नकार योग्यच, असेही अनेकांनी म्हटले. पण लाखो लोक वापरत असलेले काम उपलब्ध असताना तासाभराच्या फळ्याला त्याहून जास्त वजन का द्यावे, याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

फळ्यासमोरच्या मुलाखतीत नेमके काय मोजले जाते, याचा एक चांगला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांना एकच प्रश्न दिला. काहींनी तो निरीक्षकासमोर, विचार मोठ्याने सांगत सोडवला. इतरांनी बंद खोलीत एकट्याने. निरीक्षक समोर असताना कामगिरी निम्म्याहून खाली आली. निरीक्षकासमोर प्रश्न सोडवणाऱ्या स्त्रियांपैकी एकीलाही तो सुटला नाही. एकट्याने सोडवणाऱ्या सर्व स्त्रियांना सुटला. संख्या लहान आहे आणि त्यावरून सरसकट नियम काढता येणार नाही. तरी फळ्यावर अडखळणाऱ्याला प्रोग्रामिंग येत नाही, असे ठामपणे म्हणण्याचा आधार या प्रयोगाने बराच हलवला.

गूगलनेही स्वतःच्या मुलाखती तपासल्या. मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझलो बॉक यांनी २०१३ मध्ये सांगितले, की हजारो मुलाखतींचे गुण आणि त्या लोकांची पुढची कामगिरी ताडून पाहिल्यावर त्यांत काहीच संबंध आढळला नाही. कोडी विचारणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय होता. चारपेक्षा जास्त मुलाखतींनी निर्णयात फारशी भर पडत नाही, हेही त्यांच्या लक्षात आले. एखाद्या कंपनीने हे जाहीर सांगावे, याचे मोल मोठे आहे. पण या तपासणीतही एक जागा रिकामी राहिली. कामगिरी पाहता आली ती फक्त निवडलेल्यांची. नाकारलेले हजारो लोक दुसरीकडे गेले, तिथे त्यांनी काय केले याची तुलना झाली नाही. वरच्या थरातले थोडेच लोक हाती असतील तर त्यांच्यातला फरक परीक्षेच्या गुणांत दिसत नाही, त्यामुळे परीक्षा चांगली की वाईट, हे नक्की ठरवता येत नाही. नाकारलेला उमेदवार कंपनीच्या नोंदीतून नाहीसा होतो. म्हणून चुकीच्या नकाराची किंमत कुठल्याच ताळेबंदात येत नाही. चांगला माणूस गेला तरी चालेल, हे धोरण याच अंधारात इतकी वर्षे टिकले आहे.

नाकारलेल्यांना संधी मिळाल्यास काय होते, याचे उत्तर एकदा योगायोगाने मिळाले, तेही वैद्यकीय शिक्षणात. १९७९ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाला ऐनवेळी ५० जागा वाढवायला लावल्या. मुलाखत झालेल्या ८०० जणांतून १५० आधीच घेतले होते. चांगल्या क्रमांकाचे बाकी उमेदवार इतरत्र गेले होते, म्हणून वाढीव जागा यादीच्या तळाशी असलेल्यांना मिळाल्या. पुढे दोन्ही गटांची प्रगती ताडून पाहिली, तेव्हा अभ्यासात किंवा रुग्णालयातल्या कामात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. मुलाखतीतल्या क्रमांकाने काहीच भाकीत केले नव्हते. सॉफ्टवेअर कंपनीवर असा कायदा कुणी करत नाही. पण नाकारलेल्या काही जणांना मुद्दाम घेऊन पाहण्यापासून तिला कुणी अडवलेलेही नाही.

निवडीच्या पद्धतींवर औद्योगिक मानसशास्त्रात शंभर वर्षांचे संशोधन आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये त्याचा मोठा आढावा घेतला. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये त्यातली आकडेमोड सुधारली आणि बहुतेक पद्धतींची भाकीत करण्याची ताकद पूर्वी वाटली त्याहून कमी असल्याचे दाखवले. सुधारित यादीत आखीव मुलाखत सर्वांत वर आली. सर्व उमेदवारांना कामाशी संबंधित तेच प्रश्न विचारायचे आणि आधी ठरवलेल्या निकषांवर गुण द्यायचे, अशी ही मुलाखत. कामाच्या ज्ञानाची परीक्षा आणि कामाचा नमुना यांचा क्रमांकही वरचा आहे. मनाला येईल तसे प्रश्न विचारण्याची मुलाखत बरीच खाली आहे आणि अनुभवाची वर्षे त्याहून खाली. टॉम डीमार्को आणि टिमोथी लिस्टर यांनी १९८७ मध्येच सुचवले होते, की कसरतपटूला घेताना त्याची कसरत पाहतात, तसे प्रोग्रामरकडून त्याच्या आधीच्या कामावर भावी सहकाऱ्यांपुढे सादरीकरण करवून घ्यावे. घरी करायला दिलेल्या कामाने हा हेतू अंशतः साधतो, पण चार तासांचे म्हणून दिलेले काम तीन दिवस खाते, त्याचा मोबदला नसतो, आणि नकार कळवताना एक ओळ कारणही बहुधा दिले जात नाही.

मुलाखतीपर्यंत पोचण्याआधीची गाळणीही सदोष आहे. मेरियन बर्ट्रँड आणि सेंधिल मुलईनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोमध्ये सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवून २००४ मध्ये दाखवले, की गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा ५० टक्के जास्त बोलावणी येतात. माणसाचा पूर्वग्रह टाळण्यासाठी ॲमेझॉनने २०१४ पासून अर्जांना गुण देणारा प्रोग्राम तयार करून पाहिला. दहा वर्षांचे जुने अर्ज त्याचे शिक्षण होते आणि ते बहुतांश पुरुषांचे होते. परिणामी स्त्रियांच्या संघाचा किंवा महाविद्यालयाचा उल्लेख असलेल्या अर्जांना तो कमी गुण देऊ लागला. कंपनीने तो प्रकल्प बंद केल्याचे वृत्त रॉयटर्सने २०१८ मध्ये दिले. कॅनन आणि पेरी यांच्या पाहणीतले वर्तुळ अर्ध्या शतकानंतर यंत्राने पुन्हा काढले होते.

भारतात २०२२ नंतर आणखी एक दोष उघड झाला, तो निवड झाल्यानंतरचा. मागणी मंदावल्यावर काही कंपन्यांनी निवडपत्र दिलेल्या पदवीधरांना रुजू करून घ्यायला महिनोन्महिने, काही वेळा वर्षाहून अधिक, लावले आणि मधल्या काळात नव्या परीक्षा घेतल्या. दुसरी नोकरी धरावी तर हातची जाईल, थांबावे तर अर्जावर गॅप दिसेल, अशी या मुलांची कोंडी झाली. पुण्यातील नाइट्स या आयटी कर्मचारी संघटनेने याविरुद्ध केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रारी केल्या.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर पाठ्यपुस्तकी प्रश्नांवर उभी असलेली ऑनलाइन मुलाखत अडचणीत आली. कोविडच्या काळात मुलाखती घरबसल्या होऊ लागल्या होत्या आणि आता नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे पडद्याच्या कोपऱ्यात क्षणात मिळू लागली. कंपन्यांनी कॅमेरा, नजरेची दिशा आणि टंकलेखनाचा वेग तपासणारी पहाऱ्याची साधने वाढवली. त्यांचा जाच प्रामाणिक उमेदवारालाही होतो: घरात माणसांची वर्दळ असेल किंवा वीज गेली तरी संशयाची नोंद होते. २०२५ मध्ये गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी किमान एक फेरी समोरासमोर घेण्याचा पुरस्कार केला. काही कंपन्यांनी उलट बाजूने सुरुवात केली आहे. तिथे उमेदवाराला कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरायची मोकळीक असते. त्याच्यापुढे आधी लिहिलेला मोठा प्रोग्राम ठेवला जातो आणि तो वाचून, यंत्राने सुचवलेल्या बदलांतल्या चुका शोधून, एखादी सुधारणा करून दाखवायची असते. हे रोजच्या कामाच्या जास्त जवळचे आहे. पण त्याचे गुण कसे द्यायचे, याची सर्वमान्य रीत अजून ठरलेली नाही, आणि कंपनीगणिक, मुलाखत घेणाऱ्यागणिक ती वेगळी आहे.